आईबाबांचे वैद्यकीय कागद कसे लावून ठेवता?

कृष्णाकाठ: आईबाबा सांगलीला, मी पुण्यात. बाबांना शुगर, बीपी आणि २०१९ मध्ये बसवलेला स्टेंट. आईला थायरॉइड. सगळे कागद एका कापडी पिशवीत कोंबलेले. परवा बाबांची दाढ काढायची होती. डेंटिस्टनं विचारलं, रक्त पातळ करायची गोळी कोणती? बाबा म्हणाले, "ती गुलाबी." झालं, दाढ तशीच घेऊन परत. फाइल, ॲप, एक्सेल... तुम्ही काय वापरता? आईला मोबाइल जमतो, बाबा हात लावत नाहीत.

सोनचाफा: कागद तारखेनं लाव, डॉक्टरप्रमाणे नको. शुगरच्या डॉक्टरांनी केलेलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, हार्टवाल्यांनाही दिसायला हवी ना! डिस्चार्ज कार्डं वेगळी, ती कधीही टाकायची नाहीत. सर्दीतापाची जुनी चिठ्ठी गेली रद्दीत तरी चालेल.

निवृत्त_फार्मासिस्ट: ईसीजी बघून घ्या आधी. थर्मल कागद असेल तर अक्षरं उडत जातात, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेनं अख्खी पट्टी काळी पडते.

गोळ्यांची यादी करताना पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषध छापलेलं असतं, तेही उतरवा. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांचं टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीचं एकच औषध, लिहिलंय आणि आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेताहेत, असं दुकानात कितीदा पाहिलंय.

डोंबिवलीकर: आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, काढा की. १४ अंकी नंबर मिळतो, जोडलेल्या हॉस्पिटल-लॅबचे रिपोर्ट आपल्या संमतीनं ॲपमध्ये येतात. बाकीचे स्कॅन करून ड्राइव्हवर टाका. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून सुरू करून, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

सोनचाफा: @डोंबिवलीकर, सगळं खरं, पण रात्री दोनला शेजारचे काका बाबांना घेऊन धावले तर ओटीपी कोण देणार? आणि गल्लीतल्या डॉक्टरांची हातानं लिहिलेली चिठ्ठी त्यात येणार कुठून?

कृष्णाकाठ, आधी माणशी एक पान कर. आजार, ऑपरेशन आणि साल, चालू गोळ्या डोससकट, ॲलर्जी, तुझा फोन. वर तारीख. गोळी बदलली की नवं पान, आणि जुनं तिथल्या तिथे फाडायचं. घरात दोन याद्या असल्या की नेमकी चुकीची हातात येते.

कृष्णाकाठ: हे जमेल. पण स्टेंट बसवला त्या अँजिओप्लास्टीचे कागद आणि सीडी सापडतच नाहीयेत. हॉस्पिटल आता देईल?

निवृत्त_फार्मासिस्ट: मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. तुमची मुदत उलटलीय, तरी विचारा, पुष्कळ ठिकाणी जास्त वर्षं ठेवतात. क्लेम केला होता का? मग विमा कंपनीकडे डिस्चार्ज कार्डाची प्रत असू शकते.

कृष्णाकाठ: क्लेम केला होता! उद्याच मेल टाकतो. एक राहिलं, रक्तगट. आई म्हणते बाबांचा बी पॉझिटिव्ह, बाबा म्हणतात ओ.

सोनचाफा: ऐकीव रक्तगट लिहू नकोस. पुढच्या तपासणीत लॅबला सांग, तोवर रकाना कोरा ठेव. रक्त चढवण्याआधी हॉस्पिटल स्वतः तपासतंच. त्या गुलाबी गोळीचं नाव मात्र आजच फोन करून आईकडून वाचून घे.