अपडेट चालू असताना लाईट गेली, आता विंडोज उघडतच नाही

प्रश्न: विंडोज ११ चं अपडेट चालू होतं, मध्येच लाईट गेली, आता चालू केलं की नुसतं गोल फिरत राहतं आणि परत रीस्टार्ट. सगळा डेटा सी ड्राइव्हवर आहे, फॉरमॅट मारायचा नाहीये. काय करू?

उत्तर: फॉरमॅट अजिबात नको! स्क्रीनवर टक्के वाढत असतील तर हात लावू नका, अपडेट स्वतःच मागे फिरत असतं. तसं नसेल तर गोल फिरायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आधी स्टार्टअप रिपेअर आणि नाहीच जमलं तर अनइन्स्टॉल अपडेट्स.

दुसरं उत्तर: बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधून ठेवा. आणि माझं ऐका, आधी डेटा काढा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी विंडो) नोटपॅड (notepad) टाइप करा, फाईल ओपनमध्ये ऑल फाईल्स निवडलं की सगळे फोल्डर दिसतात, राईट क्लिक करून पेनड्राइव्हवर कॉपी. सी ड्राइव्हचं अक्षर तिथे बदललेलं असू शकतं, घाबरू नका.

प्रश्नकर्ता: झालं चालू! फोटो आधी काढले, मग क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारं नेहमीचं अपडेट) अनइन्स्टॉल केलं. दोघांचेही मनापासून आभार 🙏