मदत हवी आहे: वडिलांचं लिव्हिंग विल सोलापुरात जमा कुठे करायचं?

वडील ७४ वर्षांचे, फुफ्फुसाचा जुनाट आजार, घरी ऑक्सिजन चालू. डोकं एकदम शाबूत. 'मला व्हेंटिलेटरवर लटकवू नका' हे त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात दोन पानांवर लिहिलंय. हेच लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं.

इंजेक्शन देऊन मरण मागत नाही आहोत, ते आपल्याकडे बेकायदा आहे हे माहीत आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालातलं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र म्हणतोय. २०२३ च्या बदलानंतर मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही, नोटरी चालतो. तेवढं झालंय. दोन साक्षीदार शेजारचे, नात्यातले नाहीत. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून माझं नाव आहे. फॅमिली डॉक्टरांकडे प्रत दिली.

अडलंय ते पुढे. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. आम्ही महापालिका हद्दीत, होटगी रोडला. एका खिडकीवर विचारलं तर बाई म्हणाल्या, "मृत्यू झालाय का? मग दाखला आणा." वडील बाहेर रिक्षात बसले होते! त्यांना पुन्हा नेणं जमणार नाही.

सोलापुरात कुणी हे प्रत्यक्ष जमा केलंय का? नेमका कोणता विभाग घेतो, पोच देतात का, आणि वडिलांऐवजी मी गेलो तर चालेल का?