कॅनाल द्यु मिदीच्या काठाने: हायब्रिड की माउंटन बाईक?

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी,

मुलगी शिकायला तुलूझला आहे. सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिचे तास चालू असतील तेव्हा घरात बसून काय करायचं, म्हणून कॅनाल द्यु मिदी या दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या कालव्याच्या काठाने तुलूझ ते सेत असं सायकलवर जायचं ठरवतोय. साधारण २४० किमी. सायकलची सवय आहे, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेहमी जातो.

वाद एकच. नवऱ्याला डांबरी रस्त्याचा कंटाळा, त्याला माउंटन बाईकच हवी. मला फोटोत तर गुळगुळीत रस्ता दिसतोय, मग हलकी हायब्रिड भाड्याने का घेऊ नये? शिवाय वाटेत शातो, जुने वाडे, द्राक्षमळे बघायचेत, त्यासाठी कालवा सोडून किती आत शिरावं लागतं? आणि हो, आम्ही शाकाहारी.

इथे कोणी जाऊन आलंय का?

तुलूझकर_सातारी

ताई, वाद यजमानांनी जिंकला.

तुम्ही पाहिलेले फोटो बहुतेक पहिल्या पन्नास किलोमीटरचे असणार. तुलूझ ते पोर-लोरागे डांबरी आहे, शनिवारी तिथे बाबागाड्या आणि स्केट्सवाली पोरं असतात. पुढे ओद जिल्हा लागला की नूर बदलतो. हल्ली काही तुकडे सुधारलेत, पण बराच भाग अजून बैलांनी-घोड्यांनी बोटी ओढायच्या वाटेसारखाच आहे: मातीची हातभर रुंद चाकोरी, एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला थेट पाणी आणि मध्ये प्लेनच्या (चिनाराच्या जातीच्या) झाडांची मुळं. मुळं म्हणजे बोटाएवढी नव्हेत, मनगटाएवढी, तीही तिरपी. बारीक टायरवर अर्ध्या तासात तळवे बधिर होतात. पाऊस झाला की या लोरागे भागाची चिकणमाती चाकाला आणि मडगार्डला अशी बसते की उतरून काडीने खरवडावी लागते. निदान ४० मिमीचा टायर घ्या. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाईक मिळाली तर उत्तमच. इथे तिला 'व्हेतेते' म्हणतात, दुकानात तेच म्हणा.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. माउंटन बाईक घेणार असाल तर सरळ सेतला जाऊ नका. नोरूझला कालवा सोडा आणि पाणी जिथून येतं तिकडे वळा.

नोरूझ ही या कालव्याची सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर. इथून पाणी एकीकडे अटलांटिकच्या बाजूला उतरतं, दुसरीकडे भूमध्याकडे. कालवा खणायला माणसं मिळतात हो, पण डोंगरमाथ्यावर बारमाही पाणी आणायचं कुठून? हे कोडं प्येर-पॉल रिके या मिठाच्या करवसुलीवाल्याने सोडवलं, इंजिनियर नसताना. मोंताञ न्वार या जवळच्या डोंगररांगेतले ओढे अडवून त्यांचं पाणी छोट्या पाटांनी नोरूझपर्यंत आणलं. त्या पाटांना रिगोल म्हणतात. काम १६६६ ला मंजूर झालं, कालवा १६८१ ला खुला झाला. रिके १६८० मध्येच गेला.

नोरूझहून रेव्हेलपर्यंत 'रिगोल द ला प्लेन' जातो, अंदाजे ३८ किमी. सायकल चालवणाऱ्याला याहून काय हवं? पाट जेमतेम एक-दोन ढांगांचा, काठाला अरुंद सावलीची पायवाट, चढ जाणवतही नाही कारण पाण्याला उतार जेमतेम दिलाय. सूर्यफुलांची शेतं, मधूनच पाणचक्कीचं जुनं घर, आणि पाट डोंगराच्या कुशीला धरून इतकी वळणं घेतो की शेजारचं गाव दहा मिनिटांत तीनदा दिसतं. रेव्हेलला मधल्या चौकात चौदाव्या शतकातला लाकडी खांबांचा बाजार आहे, शनिवारी सकाळी गाठलात तर चीजवाल्यांपासून सुटका नाही.

रेव्हेलहून सँ-फेरेओलच्या तलावापर्यंत मात्र दम लागतो. तलावाचा बांध १६६७ ते १६७२ दरम्यानचा. हजारो मजूर होते, त्यात बायकाही, टोपल्यांनी माती वाहणाऱ्या. त्याच्याही वर ले कामाझ गावापर्यंत जंगलातली वाट आहे, तिथे व्होबाँ या राजाच्या लष्करी इंजिनियरने १६८० च्या दशकात पाटासाठी डोंगराखालून बोगदा काढला. यजमानांना ही वाट नक्की द्या. वर गर्द झाडी आणि दगडगोटे आहेत, डांबर नाही.

वाड्यांचं: रिकेचा स्वतःचा वाडा बोंरपो-रिके, तुलूझच्या ईशान्येला वीसेक किमी. कालव्यावर नाही, म्हणून लोक चुकवतात, चुकवू नका. त्याने वाड्याच्या बागेत तळी आणि पाट खोदून कालव्याचे प्रयोग करून पाहिले असं मानतात. २००७ मध्ये तो वाडा त्या छोट्याशा गावाच्या ग्रामपंचायतीने विकत घेतला. उघडण्याच्या वेळा बेभरवशाच्या, आधी विचारून जा.

माळरान_नाशिक

सातारीरावांना +१, धागा वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी पूर्वेकडच्या निम्म्या भागाबद्दल लिहितो. कार्कासोनच्या पुढे त्रेबपासून सावलीची अपेक्षा ठेवू नका. काठची ४२,००० प्लेनची झाडं हीच या कालव्याची शान होती, पण २००६ मध्ये तिथे एक बुरशीजन्य रोग सापडला. रोग पाण्यातून आणि मुळांमधून पसरतो, औषध नाही, त्यामुळे आजारी झाडाबरोबर शेजारची धडधाकट झाडंही पाडून जाळतात. नव्या जातींची रोपं लावलीत, त्यांना सावली धरायला एक पिढी जाईल. काही ठिकाणी कालवा इतका उघडा पडलाय की बघवत नाही.

द्राक्षमळे मात्र याच भागात. मिनेर्व्हुआ या वायनच्या भागात रस्ता मळ्यांच्या मधूनच जातो. पाराझाचा शातो कालव्याच्या वरच्या टेकाडावर, आणि जवळच १६७६ चा रेप्युद्रचा जलसेतू, म्हणजे खालून ओढा आणि वरून बोटी. व्हांतनाकला काठालाच वायनचं जुनं तळघर आहे. मळ्यातल्या पायवाटा बऱ्याचदा खासगी असतात, विचारून शिरा. सप्टेंबरात तोडणी चालू असते, द्राक्षं ओतणारे ट्रॅक्टर वळणावर अचानक समोर येतात.

मोंतादी सोडू नका. मालपाच्या टेकडीखालून रिकेने दीडशे मीटरहून थोडा लांब बोगदा काढला. त्याच टेकडीच्या पोटात रेल्वेचा बोगदा, आणि त्याच्याही खाली तेराव्या शतकातलं भुयार. ते भुयार मोंतादीचं दलदलीचं तळं रिकामं करण्यासाठी खोदलं होतं. वर आंसेरूनच्या टेकडीवर सायकल ढकलत न्या आणि खाली बघा: वाळवलेल्या तळ्याची शेतं मधल्या बिंदूपासून निघालेल्या पापडाच्या फोडींसारखी दिसतात.

मग बेझियेचं फोंसेरान, म्हणजे लॉकचा जिना (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद): आठ लंबगोल हौद एकाला एक जोडलेले, एकूण उंची सुमारे २१ मीटर. हौद लंबगोल का? सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळू नयेत म्हणून.

प्रज्ञा_रेन

वाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. तिथे दोन वारे आहेत. 'सेर्स' पश्चिमेकडून येतो, तो पाठीवर घेत सेतकडे जाता येतं. 'ओतां' आग्नेयेकडून येतो, तो लागला तर सपाटीवरही सगळ्यात हलका गिअर लागतो. हवामानात त्याचं नाव आलं की ट्रेनने पुढे जाऊन उलटं, तुलूझच्या दिशेने या. कास्तेलनोदारी, कार्कासोन, नार्बोन, बेझिये, आग्द ही सगळी स्टेशनं एकाच लाइनवर आहेत, प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते.

जेवणाचं: कास्तेलनोदारीचं कॅसुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची जाड उसळ वाटेल, पण त्यात बदक आणि सॉसेज मुरवलेलं असतं. 'मांस काढून द्या' म्हणून उपयोग नाही. शेव्र शो (गरम बकरीचं चीज घातलेलं सॅलड), ऑम्लेट चालत असेल तर ऑम्लेट, बेकरीतला पाव, टोमॅटो. खेड्यातली हॉटेलं बारा ते दोनच जेवण देतात, दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर बंद. दुकानंही दुपारी कुलपात, बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद. भाजणी न्या, कुठल्याही जीतच्या (भाड्याच्या मुक्कामी घराच्या) शेगडीवर थालीपीठ होतं.

पाणी संपलं तर गावाची स्मशानभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी नसेल तर सायकलवाले तेच पितात.

मुक्ता_कोथरूड

धन्यवाद सगळ्यांना! नवरा घरभर 'मी सांगत होतो' म्हणत फिरतोय. रिगोलचं पक्कं. एक शंका: कॅरिअरवर दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून त्या अरुंद वाटेवर जमेल का? आणि वाट चुकली तर?

तुलूझकर_सातारी

रुंद पिशव्या नकोतच, झुडपात अडकतात आणि तोल पाण्याकडे जातो. जड सामान रेव्हेलच्या मुक्कामी ठेवा आणि वर तलावाकडे फक्त पाठीवरची सॅक न्या. पाणी सोडलं नाहीत तर चुकणार नाही. मोठ्या कालव्यावर तर प्रत्येक लॉकवाल्याच्या घरावर पाटी असते, मागचं आणि पुढचं लॉक किती मीटरवर तेही लिहिलेलं.

एकच बघा. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो. जंगलात शिरताना 'शास आं कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर त्या दिवशी वरच्या वाटेने जाऊ नका, आणि एरवीही भडक रंगाचं जॅकेट घाला. यजमानांना खाकी आवडत असेल तर ती इथे नको.

आणि तुलूझला आल्यावर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे जादा पंप आहे.