डोव्हकॉटच्या मेलपेट्या: एनएफएसवर की सर्व्हरच्याच डिस्कवर?

उंबरझाड: डोव्हकॉट या मेल-सॉफ्टवेअरचे दोन आयमॅप सर्व्हर (मेल वाचायला देणारे) आणि मागे एकच एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरची सामायिक डिस्क, ही मांडणी मेलसाठी चुकीची आहे असं माझं ठाम मत. मेलडिर (दर मेलची वेगळी फाइल ठेवायची पद्धत) एनएफएसवर चालतं, कारण त्याचा निर्माता बर्नस्टाइन याने ते लॉकशिवायच, म्हणजे फाइल अडवून न धरता, रचलं: मेल आधी 'टीएमपी' फोल्डरात पूर्ण लिहायची, मग 'न्यू'त हलवायची. बिघडतात त्या डोव्हकॉटच्या इंडेक्स फायली (पेटीतल्या मेलांची सूची). लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलचे गुणधर्म 3 ते 60 सेकंद कॅशमध्ये धरतो. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरने इंडेक्स बदलला, तर पहिला शिळ्या माहितीवर लिहून बसतो.

काळाकातळ: दोष एनएफएसचा नाही, एकाच पेटीत दोघांनी हात घालण्याचा आहे. प्रत्येक वापरकर्ता ठरलेल्या सर्व्हरवरच जाऊ द्या. मेल वाचायचे आयमॅप, पॉप आणि आलेली मेल पेटीत टाकणारं एलएमटीपी, तिन्ही मार्गांनी. एलएमटीपी विसरलात तर सगळं फुकट. मग इंडेक्स स्थानिक एसएसडीवर, मेल एनएफएसवर. एनएफएसचा माउंट (जोडणी) 'हार्ड'च हवा, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबणारा. 'सॉफ्ट'वर फाइलर (एनएफएस पुरवणारं यंत्र) अडकला की लेखन अर्धवट सुटतं. 'मेल_एफसिंक' (लिहिलेलं लगेच डिस्कवर पोचवायची सेटिंग) ऑलवेज ठेवा आणि सगळी घड्याळं एनटीपीने जुळवा. सर्व्हर मेला तर वापरकर्ते दुसऱ्यावर वळवा, इंडेक्स तिथे नव्याने बनेल. स्थानिक डिस्क असेल तर मेल बंद यंत्रातच अडकते.

उंबरझाड: वळवणार कशाने? वापरकर्त्याला ठरलेल्या सर्व्हरवर धाडणारा डायरेक्टर डोव्हकॉट 2.4 मध्ये काढून टाकला.

काळाकातळ: डीसिंकचं रेप्लिकेशनही (दोन सर्व्हरांतल्या पेट्या आपोआप जुळवणं) त्याच 2.4 मध्ये गेलं, म्हणजे स्थानिक डिस्कवाल्यांची दुसरी प्रतही गेली. प्रॉक्सी (जोडणी पुढे धाडणारा) मात्र आहे: पासडीबीतून, म्हणजे खात्यांच्या नोंदींतून, प्रत्येक वापरकर्त्याचा 'होस्ट' द्या.

उंबरझाड: माझ्याकडे डीआरबीडी उरतं, म्हणजे नेटवर्कवरून दोन यंत्रांच्या डिस्क एकसारख्या ठेवणं. त्यातला प्रोटोकॉल सी: दोन्ही डिस्कवर लिहून झाल्यावरच होकार. मात्र डिस्कवरची ईएक्सटी4 फाइलसिस्टिम एका वेळी एकाच यंत्रावर माउंट व्हायला हवी, दोन्हीकडे झाली तर फाइलसिस्टिमची माती. म्हणून फेन्सिंगशिवाय (बिघडलेलं यंत्र सक्तीने बाजूला काढणं) हे लावूच नये.

पाणवठा: दोघांनाही एक धोक्याची सूचना. 'इंडेक्स नव्याने बनेल' हे मेलडिरलाच लागू, कारण वाचल्याची खूण फाइलच्या नावातच असते. एमडीबॉक्समध्ये (अनेक मेल एका फाइलीत ठेवायची डोव्हकॉटची पद्धत) ती फक्त इंडेक्सात असते. तो गेला की खुणा गेल्या. मेलडिरमध्येही 'डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट' (प्रत्येक मेलचा क्रमांक, म्हणजे यूआयडी, नोंदणारी फाइल) मेलसोबत एनएफएसवरच राहू द्या. ती हरवली तर यूआयडी बदलतात आणि प्रत्येक क्लायंट अख्खी पेटी पुन्हा उतरवतो.

आणि ईएक्सटी4 वापरणार असाल तर 'डीएफ -आय' ही आज्ञा चालवून उरलेले आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला एक लागणाऱ्या नोंदी, बघत राहा. मुळात ईएक्सटी4 साधारणतः 16 केबीमागे एकच आयनोड देते आणि हे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं. बारीक मेलांनी आयनोड आधी संपतात, जागा दिसत असूनही मेल नाकारली जाते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर आयनोड लागतील तसे बनतात.