परगावच्या माणसाची मुंबईतली रात्र : तुमचे अनुभव लिहा

रात्रीची मुंबई मुंबईकरांना फारशी बघायला मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांना गाडी गाठायची असते, सकाळी पुन्हा डबा भरायचा असतो. ती रात्र मनसोक्त भोगायला मिळते ती आपल्यासारख्यांना, कामानिमित्त आलेल्या, नातेवाइकांकडे किंवा लॉजवर उतरलेल्या परगावकरांना. म्हणून हा धागा. हॉटेलांची यादी नको. संध्याकाळी कुठे गेलात, काय खाल्लंत, कोण भेटलं, परत कसे आलात ते सांगा.

सुरुवात मी करते. आम्ही सांगलीचे. मामेबहीण गिरगावात राहते. जेवणं आटोपल्यावर तिच्या घरून चालत चौपाटीवर गेलो आणि तिथून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकट्ट्याने थेट नरिमन पॉइंट. उजवीकडे समुद्र, डावीकडे गोलाकार सज्ज्यांच्या त्या जुन्या आर्ट डेको इमारती. २०१८ पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण गॅलरीत कपडे वाळत घातलेले दिसतात, म्हणजे माणसं राहताहेत. मधे २०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे लावले होते. लोकांनी एवढी ओरड केली की पिवळा प्रकाश परत आणावा लागला. तो आणला ते फार बरं झालं, ही दिव्यांची रांग म्हणजे ‘राणीची माळ’, ती पिवळीच हवी. सायकलवर चहाची किटली घेऊन एक जण आला. अर्धा कप चहा आणि तासभर गप्पा. शेजारी एक आजी-आजोबा काही न बोलता बसले होते, पलीकडे परीक्षेचा अभ्यास करून कंटाळलेली मुलं. तिथे बसायला पैसे पडत नाहीत आणि ‘काय घेणार?’ म्हणून कोणी डोक्यावर येऊन उभं राहत नाही. एवढ्या महाग शहरात ही जागा सगळ्यांची आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोलापूरकर
मुंबईला गेलो की दादरला शिवाजी मंदिरात रात्रीचं नाटक बघायचं, हा माझा नेम. बाहेरच्या फलकावर पुढच्या आठवड्याच्या जाहिराती वाचण्यातही मजा असते. तिसरी घंटा झाली की सगळं थिएटर एकदम गप्प होतं. आमच्याकडे दौऱ्यावर नाटक येतं तेव्हा निम्मे लोक पहिला अंक सुरू झाल्यावर खुर्च्या शोधत असतात. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी रांग. मला आवडतं ते नाटक संपल्यानंतरचं. प्रेक्षक पांगले की मागच्या बाजूला थांबायचं. आत्ता ज्या दिवाणखान्यात भांडणं चालली होती त्याच्या भिंती दोघेजण आडव्या धरून बाहेर काढतात, टेम्पोत उभ्या रचतात, वर सोफा, त्यावर दोरी. उद्या कदाचित ठाण्याला प्रयोग असतो. त्यातल्या एका कामगाराने मला कुठून आलात विचारलं आणि सोलापूर म्हटल्यावर हुतात्मा स्मृती मंदिरातल्या प्रयोगाची आठवण काढली.

गोदाकाठची
एकट्या बाईने रात्री फिरावं का, असं मला घरी विचारत होते, म्हणून मुद्दाम लिहिते. जुहूच्या पृथ्वी थिएटरला नाटक पाहिलं. १९७८ पासूनचं छोटं थिएटर, जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक. पहिल्या रांगेत बसलं तर नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. उशिरा आलात तर आत सोडत नाहीत आणि हा नियम मला अतिशय योग्य वाटतो. नंतर आवारात सुलेमानी चहा घेतला, रिक्षाने पार्ले स्टेशन आणि तिथून लोकल.

महिलांच्या डब्यात आम्ही थोड्याच होतो. एक पोलीस दाराशी उभा. समोरच्या सीटवर एक बाई खिडकीला टेकून गाढ झोपलेल्या, पायाशी पिशवी. शेजारची मुलगी त्यांना ओळखत नव्हती, पण मालाड गेल्यावर हलवून विचारलं, ‘मावशी, कुठे उतरायचंय?’ ‘बोरिवली गं.’ ‘झोपा मग, मी उठवते.’ आणि खरंच उठवलं. माझी सगळी धास्ती त्या क्षणी गेली.

तांबडा पांढरा
एक कामाची गोष्ट. रिक्षा फक्त उपनगरात. वांद्रे, शीव ओलांडून दक्षिणेला आलात की टॅक्सीच. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर २५ टक्के जास्त भाडं हा अधिकृत नियम आहे, त्यावरून वाद घालू नका. लोकल साधारण एकपासून चारच्या सुमारापर्यंत बंद असते.

बेळगावहून
रमजानमध्ये मोहम्मद अली रोड. मित्राचे चुलते भेंडी बाजारात राहतात, त्यांनी बजावलं होतं, ‘दुपारी कमी जेवून या.’ तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज आटोपली की मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत अशी गर्दी होते की आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला नेते. मशीद दिव्यांनी मढवलेली. मालपुवा करणाऱ्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. परातीएवढी कढई. तो अंड्याचं मिश्रण वरून सोडतो, कडा फुगून जाळी धरते, मग लांब सळईने एका फटक्यात उलटतो. वर मलई. एक मालपुवा आम्ही चौघांनी खाल्ला तरी उरला. मातीच्या वाटीतली फिरनी गार, त्यामुळे तोंडाला उतारा पडतो. शेवटी बोहरी मोहल्ल्यातलं १८८७ पासूनचं ताज आइस्क्रीम, बर्फ-मीठ लावून हाताने घुसळलेलं. सीताफळ मिळालं तर दुसरं काही घेऊ नका. चुलत्यांनी सहेरीपर्यंत थांबा म्हणून आग्रह केला. आम्ही थांबलो आणि त्यांच्याबरोबर पहाटे जेवलो. असा पाहुणचार मी विसरणार नाही.

रत्नांग्री
माझी रात्र छोटी. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, तोवर वेळच वेळ. सामान नातेवाइकाजवळ ठेवून पालिकेच्या इमारतीसमोर जाऊन उभा राहतो. १८८८ साली पूर्ण झालेलं ते स्टेशन दिव्यांत बघायचं, समोर पावभाजी खायची आणि त्याच इमारतीतून गाडी पकडायची. राजवाड्यातून गावाला जायला मिळतं, तेही स्लीपरच्या तिकिटात.

बडोद्याची माहेरवाशीण
गणपतीतली लालबागची रात्र कोणी कशी लिहिली नाही? बडोद्यातही आमचे मराठी गणपती जोरात असतात, पण अख्खा भाग रात्रभर जागा असतो तो इथेच. राजाला, १९३४ पासूनच्या, नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मुखदर्शनाची धरा, ती लवकर सरकते. नंतर गणेश गल्ली, मग चिंचपोकळीचा चिंतामणी. रांगेत रात्री दोनला एका चाळीतल्या बायका कळशीने पाणी वाटत होत्या. त्यांच्या घरचाही गणपती होता, तरी त्या खाली उभ्या.

पारनेरचा शेतकरी
माझी रात्र तुमच्यापेक्षा उलटी. झेंडूचा टेम्पो घेऊन दादरच्या फूलबाजारात येतो. अंधारातच माल उतरतो, पहाटे चारला बाजार असा भरतो की पाय ठेवायला जागा नाही. आडत्याच्या गाळ्यावर ताडपत्रीवर झेंडूचा ढीग, शेजारी शेवंती, अष्टर, पलीकडे फक्त तुळस आणि दूर्वा. किलोचा भाव मिनिटामिनिटाला बदलतो. हारवाल्या बायका फूल हातात दाबून बघतात, ओलं असेल तर लगेच ठेवून देतात. त्यांना फसवता येत नाही आणि मीही कधी पाणी मारलेला माल आणत नाही. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मिळाली की ड्रायव्हर आणि मी शिवाजी पार्ककडून समुद्रावर जातो. बाजारात आमचा माल तुम्ही विकत घेता, पण बाजार भरतानाही बघायला या. दसऱ्याच्या आदल्या रात्री तर याच.

सांगलीची (धागाकर्ती)
पारनेरकर, दसऱ्याला नक्की येणार, गाळा कुठल्या बाजूला ते कळवा. सोबत आई असेल, तिचे गुडघे दुखतात. तिला फार न चालता दिवे दाखवायचे आहेत. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कलाकेंद्राकडे इलेक्ट्रिक दुमजली बस जाते असं बहीण म्हणाली. वर चढायचा जिना म्हाताऱ्या माणसाला झेपतो का? कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर लिहा. आणि पावसाळ्यातल्या रात्रीवर अजून एकही प्रतिसाद नाही.