क्रीडांगणाच्या भूखंडाचे आरक्षण उठवण्याच्या निर्णयाविरुद्ध महापालिकेने उच्च न्यायालयात जावे का?

प्रभागातील रहिवासी:
आमच्या शहराच्या मंजूर विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव असलेला भूखंड राज्य शासनाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करून निवासी विभागात टाकला आहे. या निर्णयाला न्यायालयात आव्हान द्यावे की नाही, यावर येत्या महासभेत चर्चा होणार आहे. सत्ताधारी गटाचे म्हणणे असे की, शासनाच्या कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेने शासनाविरुद्धच याचिका करणे योग्य नाही. मी हरकत नोंदवली होती आणि सुनावणीलाही हजर होतो. आमचे म्हणणे लिहून घेतले गेले, पण अहवालात ‘हरकती विचारात घेतल्या’ एवढेच वाक्य आहे. त्या का फेटाळल्या, याचे कारण कुठेही दिलेले नाही. न्यायालय यात लक्ष घालेल का, आणि नगरसेवकांकडे आम्ही नेमकी कोणती मागणी करावी?

नगररचना अभ्यासक:
तेथे मैदान असावे की इमारत, हे न्यायालय ठरवत नाही. अधिकार कायद्याने दिलेल्या कारणासाठी वापरला का, सूचना व सुनावणी खऱ्या अर्थाने झाली का आणि निर्णयामागे संबंधित कारणे होती का, एवढे मात्र ते बारकाईने तपासते. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही अशाच फेरबदलासाठी कलम 37 आहे, त्यामुळे एखाद्या जमीनमालकाच्या सोयीसाठी ते वापरले गेले असेल तर प्रश्न उभा राहतोच.

पुण्यातील प्रभात रस्त्याचे प्रकरण जरूर वाचावे. प्राथमिक शाळेसाठी राखीव भूखंडाचे आरक्षण उठवून तेथे इमारत उभी राहिली होती. अधिकाऱ्यांचे अभिप्राय प्रतिकूल असतानाही वरून आलेल्या आदेशाने काम पुढे रेटले गेले, आणि बांधकाम करणारे विकासक तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे जावई होते. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो निकाल कायम ठेवला. बेंगळुरूत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्द ठरवला, आणि दाद मागण्याचा परिसरातील रहिवाशांचा हक्क मान्य केला. त्यामुळे महासभेने माघार घेतली तरी तुमचा मार्ग बंद होत नाही.

याचिकांचे काम पाहणारा:
वरील माहितीशी मी सहमत आहे, पण महासभेतील वाद चुकीच्या जागी अडकला आहे असे मला ठामपणे वाटते. महापालिकेने स्वतः याचिका करण्याचा ठराव केला तरी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली शासन तो निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकते, आणि त्या खटाटोपात महिने निघून जातील. रहिवाशांनी रिट याचिका (शासनाच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) केली आणि तिच्यात महापालिकेला प्रतिवादी केले, की महापालिकेला शपथेवर उत्तर द्यावे लागते. त्या प्रतिज्ञापत्रात प्रशासन काय लिहील, यावर महासभेने आताच बोलायला हवे. मैदानाची गरज का आहे, नगररचना विभागाचा मूळ अभिप्राय काय होता आणि हरकतींवर कारणे का नोंदवली नाहीत, हे ठरावात आणि इतिवृत्तात आले, तर पुढे विधी विभागाला गुळमुळीत उत्तर देणे अवघड जाईल. भाषणे कितीही जोरदार झाली, तरी ठरावात न उतरलेल्या भाषणाचा न्यायालयात फारसा उपयोग होत नाही.

वेळेचाही विचार करा. प्रभात रस्त्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतिम निकालाला बारा वर्षे लागली. एवढ्या काळात प्राथमिक शाळेच्या तीन तुकड्या पहिली ते चौथी शिकून बाहेर पडल्या असत्या. म्हणून बांधकाम परवानगी मिळण्याआधीच याचिका दाखल करून स्थगिती मागावी. पाया खोदला गेला, सदनिका विकल्या गेल्या, की घर घेणाऱ्यांचे हितसंबंध पुढे येतात आणि न्यायालयालाही तोल सांभाळावा लागतो.

प्रभागातील रहिवासी:
मनःपूर्वक आभार. आमच्या नगरसेविकाबाईंना उद्याच भेटून ठरावाच्या मसुद्यात उपसूचना द्यायची विनंती करतो. सुनावणी अहवालाची प्रमाणित प्रत मात्र अजून मिळालेली नाही. त्यासाठी थांबावे का?

याचिकांचे काम पाहणारा:
थांबू नका. माहिती अधिकाराचा अर्ज आजच द्या, पण राजपत्रातील अधिसूचना, आपल्या हरकतीची पोच आणि सुनावणीची नोटीस हाताशी असेल तर त्यावर याचिका दाखल करता येते. मूळ नस्ती (फाइल) सादर करण्याचा आदेश न्यायालयाकडेच मागता येतो.