तिजोरी रिकामी म्हणून श्रीलंकेने स्थानिक निवडणुका थांबवल्या, ते बरोबर होतं का?

मन्या_७९:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. आमच्या शहरात २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ ४ वर्षं प्रशासक, गल्लीत ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं तेच कळेना, माजी नगरसेवक म्हणायचे आता माझ्या हातात काही नाही. आपल्याकडे कारण होतं ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना. श्रीलंकेत मात्र २०२३ मधे सरकारने सरळ सांगितलं की पैसेच नाहीत. जिथे औषधं आणायला डॉलर नव्हते तिथे मतपत्रिका छापत बसायचं का? मला दोन्ही बाजू पटतायत. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

गारमेंटवाला:
मी नोकरीमुळे २०२१ ते २०२३ कोलंबोजवळ राहत होतो म्हणून लिहितो. २०२२ च्या मार्च अखेरीला आमच्याकडे रोज १३-१३ तास लाइट नसायची, एप्रिलमधे सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोलसाठी लोक रात्री रिक्षातच झोपायचे, नंतर क्यूआर कोड आला आणि आठवड्याचा कोटा ठरला. सप्टेंबरला महागाई जवळपास ७० टक्के होती. तेव्हा अडचण खोटी नव्हती हे आधीच सांगतो.

पण मन्यादादा, तुम्ही डॉलर आणि रुपये एकत्र करताय. औषध, गॅस, डिझेल बाहेरून येतं, त्याला डॉलर लागतात. निवडणुकीचा बहुतेक खर्च म्हणजे छपाई, पोलीस बंदोबस्त, केंद्रावरच्या माणसांचा भत्ता, हे सगळं त्यांच्याच रुपयांत. अंदाज होता साधारण १००० कोटी श्रीलंकन रुपये, आणि ती रक्कम २०२३ च्या बजेटमधे मंजूरच होती! मतदान ९ मार्चला ठरलेलं, अर्ज भरून झालेले, आणि सरकारी छापखाना म्हणाला आधी पैसे द्या मग मतपत्रिका छापतो. पोस्टल मतदान पुढे गेलं, मग ९ मार्च पण गेला, मग २५ एप्रिल ठरवलं, ते पण गेलं. माझ्या शेजारच्या अक्का शाळेत शिपाई होत्या, त्यांनी प्रादेशीय सभेला (तिथली ग्रामीण भागातली स्थानिक संस्था) अर्ज भरला होता. सरकारी नोकर उभा राहिला की बिनपगारी रजा घ्यावी लागते. निवडणूक नाही आणि पगारही नाही, अशा महागाईत. घरात दोन मुलं. त्या दुपारी दारात उभं राहून विचारायच्या, टीव्हीवर काही सांगितलं का हो?

वसुधा_नाशिक:
मला सरकारची बाजू अगदीच फालतू वाटत नाही. नाणेनिधीचं कर्ज २० मार्च २०२३ ला मंजूर झालं, त्याच्या अटींमुळे नोटा छापून भागवणं बंद झालं होतं, म्हणजे रुपयांचीही चणचण होतीच. पगार, पेन्शन आधी की निवडणूक आधी, हा प्रश्न अर्थखात्यासमोर खराच असणार.

वकीलसाहेब_पुणे:
ताई, चणचण होती हे कोर्टानेही ऐकून घेतलं. पण ३ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की बजेटमधले निवडणुकीचे पैसे अडवू नका, तरी ते मिळाले नाहीत. शेवटी २२ ऑगस्ट २०२४ ला निकाल आला की अर्थमंत्री म्हणून रनिल विक्रमसिंघे आणि निवडणूक आयोग, दोघांकडून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली तोच राष्ट्राध्यक्ष आणि तोच अर्थमंत्री, आणि २०१८ ची स्थानिक निवडणूक जिंकलेला आधीचे राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांचा पक्ष २०२२ च्या सरकारविरोधी आंदोलनानंतर पार बदनाम झालेला, आणि त्याच पक्षाच्या खासदारांच्या जोरावर रनिल अध्यक्ष झालेले. मतदान झालं असतं तर दोघांनाही लोकांचा कौल ऐकावा लागला असता. अशा वेळी पैसे नाहीत हे ठरवायचा अधिकार त्याच माणसाला कसा देणार?

गारमेंटवाला:
+१. शेवटी ६ मे २०२५ ला ३३९ संस्थांचं मतदान झालं. २०२३ चे अर्ज कायदा करून रद्द केले, सगळ्यांना नव्याने भरावे लागले. नोव्हेंबर २०२४ ला संसदेत ६१ टक्के मतं मिळवणारी नवे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांची आघाडी ४३ वर आली, पहिला नंबर तरी बहुतेक ठिकाणी त्यांचाच, पण खुद्द कोलंबोत बहुमत नाही. सहा महिन्यांत लोकांनी सरकारला इतकं स्पष्ट सांगितलं, तेच २०२३ मधे सांगायची सोय ठेवली नव्हती.

वकीलसाहेब_पुणे:
आणि योगायोग बघा, त्याच ६ मे २०२५ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राला ४ महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्या असा आदेश दिला.

मन्या_७९:
डॉलर-रुपयाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, धन्यवाद. मग तिथल्या प्रांतिक परिषदांचं (आपल्या विधानसभांसारख्या, प्रत्येक प्रांताच्या) काय? त्यांचं पण पैशामुळेच अडलं का?

गारमेंटवाला:
नाही, ते दुखणं संकटाच्या आधीचं. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून आलेल्या या परिषदा, शेवटचं मतदान २०१४ ला उवा प्रांतात झालं, मग मतदारसंघांच्या फेररचनेत घोडं अडलं आणि २०१९ पर्यंत नऊच्या नऊ परिषदांची मुदत संपली. तेव्हापासून राज्यपालच कारभार बघतात. जाफन्याकडच्या, म्हणजे उत्तरेतल्या तमिळ लोकांना हे जास्त लागतं, कारण ज्या परिषदेसाठी इतकी वर्षं भांडले तिला उत्तरेत एकदाच मत देता आलं, २०१३ मधे.